चिंचवडहून निघालेला वरवंटा

घरसामान हलवून देणाऱ्या कंपन्यांना मी एकच नियम लावला असता. ज्याची पाटी, त्यानं उत्तर द्यायचं. बाकीचे नियम त्यांच्या पावतीच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरात छापलेले असतात आणि ते सगळे आपल्याला बांधायला असतात, हे मला आठ वर्षांपूर्वी कळलं. त्याआधी मला सगळंच कळत होतं.

आठ वर्षांपूर्वी मी एकसष्ट वर्षांची तरुणी होते. अक्कलदाढ पडून गेली होती, अक्कल यायची होती. चिंचवडला आमचं सगळं आयुष्य गेलं. हे एका कारखान्यात तपासनीस. आलेला माल मोजायचा, मापायचा, खोट निघाली तर परत पाठवायचा, यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. मंडळात मी एकदा ‘जागरूक ग्राहक’ या विषयावर पाऊण तास भाषण ठोकलं होतं. पावती मागा, अटी वाचा, मगच सही करा. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मान किंचित तिरकी करून हात जोडले. ती तिरकी मान मला आजही आठवते. ती बाई पुन्हा भेटली तर मी तिला मिरचीबरोबर वाटून काढीन.

हे निवृत्त झाले आणि आम्ही नाशिकला यायचं ठरवलं. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात लागला होता, त्यानं आमच्यासाठी इंदिरानगरात दोन खोल्यांचा फ्लॅट पाहून ठेवला होता. लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं आणि तिचे दिवस भरत आले होते. ती आधीच नाशिकला भावाकडे येऊन राहिली होती. सामान तेवढं यायचं होतं.

फ्लॅट बघायला मी नाशिकला आले होते, तेव्हा तिथं मुंबई नाक्याजवळ एका गाळ्यावर मोठ्या कंपनीची पाटी दिसली. पिवळ्या रंगात ट्रक, खाली कंपनीचं नाव. आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर कंपनीची टोपी, खिशाला कंपनीचं पेन, टेबलावर कंपनीचं पावतीपुस्तक. तो एजंट आहे, कंपनीचा नोकर नाही, हे त्या गाळ्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी मात्र ग्राहक म्हणून फार जागरूक. मी त्याला विचारलं, गाव कोणतं? तो म्हणाला, दिंडोरी तालुका. माझं माहेरही तिकडचंच. झाली माझी चौकशी. त्यानं लगेच मला मावशी म्हणायला सुरुवात केली, चहा मागवला, आणि दिंडोरीकडचा माणूस मावशीचं सामान हरवील कसा, असं मी घरी येऊन ह्यांना ठणकावून सांगितलं.

यादी करायला तो स्वतः चिंचवडला आला. खोलीखोलीतून फिरला. स्वयंपाकघरात ओट्याखाली पाटा-वरवंटा होता. त्यानं विचारलं, मावशी, हे दोन नग लिहू ना?

आमच्याकडे पाटा आणि वरवंटा दोन मोजत नाहीत. ती जोडी आहे. वाटून झालं की वरवंटा उभा टाकून जायचं नाही, पाट्यावर आडवा निजवायचा, कुणाला वापरायला दिला तर दोन्ही एकदम द्यायचे, असं माझ्या आईनं मला चार-चारदा बजावलेलं. तेच मी त्या माणसाला रंगवून सांगितलं. वर म्हटलं, “नवराबायकोला कुणी दोन नग म्हणतं का रे? एक लिही.”

तो हसला. एक लिहिलं. दारात उभे असलेले हे हळूच म्हणाले, की सुटे भाग वेगळे लिहिलेले बरे. मी म्हटलं, हा तुमचा कारखाना नाही, हे घर आहे. मग मी यादी मोठ्यानं वाचायला लावली आणि त्यातल्या ‘परात’वरची चुकीची वेलांटी खोडायला लावून खाली झोकात सही केली.

वरवंटा माझ्या आईचा होता. आई डावरी. चाळीस वर्षं तिनं त्यावर मसाला, चटणी, पुरण वाटलं, तेव्हा तो मधोमध झिजला आणि डावीकडे जरा जास्त झिजला. मुठीत धरला की तुमचा हात आपोआप तिच्या हाताच्या जागी जाऊन बसायचा. माझ्या लेकीच्या बारशाला तो तिनं माझ्या घरी आणला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात ना, टोपडं घालून? काही दृष्ट असेल, पीडा असेल, ती आधी दगडानं घ्यावी आणि बाळ त्याच्यासारखं टणक व्हावं. आईनं तो निजवला, परत नेलाच नाही. पुढं मुलाच्या बारशालाही तोच. आई गेल्यावर तिचे दागिने भावजयांत गेले, भांडी गेली, फोटो एक होता तो पुरात भिजला. तिचा हात म्हणून माझ्याकडे उरला तो हा दगड. लेकीच्या बाळाआधी तोच पाळण्यात जायचा, हे मी मनात पक्कं धरलं होतं आणि कुणाला सांगायची गरज वाटली नव्हती.

गाडी इंदिरानगरात एक दिवस उशिरा आली, ऐन दुपारी. हमालांनी सामान तीन जिने वर चढवलं. ती माणसं घामाघूम. मी त्यांना पाणी दिलं, चहा ठेवला. ड्रायव्हर खालून भोंगा वाजवत होता, त्याला अंबडला दुसरा माल भरायचा होता. एजंटानं कागद पुढं केला: सर्व माल सुस्थितीत मिळाला. हे म्हणाले, खोकी उघडून बघू आणि मग सही करू. मी म्हटलं, माणसं ताटकळलीत, तुम्हाला काही माणुसकी? आणि सही केली. पाऊण तासाचं भाषण ठोकलेल्या बाईनं एका मिनिटात सही केली.

चौथ्या दिवशी नात झाली. तिच्या पाचवीला, सटवाईच्या पूजेसाठी, मी गॅलरीतलं गोणपाट सोडलं. पाटा होता, वरवंटा नव्हता. ज्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मी तो बांधला होता, तो तुकडा बादलीत सापडला, घडी घातलेला. म्हणजे कुणीतरी गाठ सोडली, दगड काढून घेतला आणि फडक्याची घडी घातली. त्या घडीचा मला जितका राग आला तितका कशाचाच आला नाही. सगळी खोकी उपसली. पलंगाच्या खणात पाहिलं, कुकरमध्येसुद्धा पाहिलं. शेवटी ह्यांनी खलबत्त्यातला बत्ता आणून पाट्यावर ठेवला. सटवाई बिचारी त्या रात्री बत्त्यावर भागवून गेली.

लेक म्हणाली, आई, बारशाला शेजारच्या काकूंचा आण, दगड तो दगड. तिला टाके पडलेले, दोन रात्री झोप नाही, म्हणून मी काही बोलले नाही. नाहीतर बाळंतिणीला ओरडलेली पहिली आई मीच ठरले असते.

एजंटाला फोन लावला. मी मावशीची एकदम मॅडम झाले. मॅडम, यादीत नग एक, तुम्हाला मिळाला एक. मॅडम, सुस्थितीत मिळाल्याची सही आहे. मॅडम, तक्रार सात दिवसांत लेखी करायची असते, मागं छापलंय, आज नववा दिवस. आणि मॅडम, मी तर फक्त बुकिंग घेतो, गाडी कंपनीची. कंपनीला लावला तर एक मुलगी हिंदीत म्हणाली, एजंट हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्याच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही. गाडीमालकाचा नंबर मिळवला, तर तो म्हणाला, मी गाडी भाड्यानं दिली, माल कुणाचा ते मला काय माहीत. तिघंही गोड बोलत होते. एकानं जरी शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

ही कुठली रीत? स्थळ घेऊन मध्यस्थ येतो, मुलगा निर्व्यसनी म्हणून सांगतो, लग्न लागतं, आणि मग मुलगा झिंगून घरी आला की सासरे म्हणणार, मध्यस्थ आमच्या घरचा नव्हे? अहो कंपनीवाले, त्या एजंटाच्या डोक्यावर टोपी तुम्ही घातली. पावतीपुस्तक तुम्ही छापून दिलं. पाटी तुमची बघून मी आत शिरले. त्याच्या तोंडानं गिऱ्हाईक घ्यायचं तेव्हा तो तुमचा, आणि वस्तू गेली की तो परका. उद्या असल्याच बोलीवर मी सून आणते म्हटलं तर मला तुरुंगात टाकतील, आणि यांना परवाना मिळतो.

दोन दिवस मी भिंग घेऊन पावतीची पाठ वाचली. हे शेजारी बसून पेन्सिलीनं खुणा करत होते आणि ‘मी म्हटलं होतं’ हे वाक्य गिळत होते, ते त्यांच्या गळ्याच्या हालचालीवरून दिसत होतं. चौदाव्या कलमावर त्यांचं बोट थांबलं. ‘अधिकृत एजंटाने स्वीकारलेला माल कंपनीने स्वीकारला असे समजण्यात येईल.’ म्हणजे आमच्यासाठीही एक ओळ होती, फक्त इतक्या खाली की तिथवर कुणी पोचू नये. मी ती ओळ कंपनीतल्या मुलीला फोनवर तीनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, वर कळवते. वर कोण राहतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बाळाच्या अकराव्या दिवशी मी रिक्षा बोलावली आणि पाटा खाली न्यायला लावला. रिक्षावाला म्हणाला, आजी, ही कसली सवारी? मी म्हटलं, वजनाचे वेगळे घे, पण तोंड बंद ठेव. हे सोबत निघाले होते, त्यांना मी लेकीजवळ बसवलं. ते समजूतदारपणे बोलले असते.

गाळ्याच्या पायरीवर एक हमाल बिडी विझवत बसला होता. पन्नाशीचा असेल, काटक. आमचं सामान चढवणाऱ्यांतला, सुरगाण्याकडचा. त्यानं पाटा उचलून आत आणला आणि विचारलं, कुठं ठेवू? मी म्हटलं, साहेबांच्या टेबलावर. टेबलावर काच होती. काचेखाली देवांचे फोटो होते. काच तडकली.

एजंट उठून उभा राहिला. “मॅडम, हे काय?”

“एक नग,” मी म्हटलं. “पूर्ण एक नग मिळालाय ना मला? मग यावर मला चटणी वाटून दाखव. खोबरं-लसूण मी घरून आणलंय.”

आणि मी खरंच पिशवीतून वाटी काढली. त्या दिवशी गाळ्यात दोन गिऱ्हाइकं होती, ती खुर्ची सरकवून नीट बसली. एजंट हळू आवाजात म्हणाला की मॅडम, दगडच तर आहे, पाथरवटाकडून नवा आणून देतो, चांगला टाकी लावलेला. मी म्हटलं, तुझी आई हरवली तर तुला दुसरी आणून देऊ का, चांगली टाकी लावलेली? हे मी बोलायला नको होतं. तिथं बसलेल्या बाईनं तोंडाला पदर लावला.

तेव्हा पायरीवरचा हमाल आत डोकावला. एजंटाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, “आजे, याचा वरवंटा मी बघेल हाय. घाटात गाडी पंचर झाली तवा चाकाखाली लावेल होता. आता डायवरच्या केबिनीत हाय. रोज लावतो तो.”

घाट म्हणजे आमच्या वाटेवरचा चंदनापुरीचा घाट. माझ्या आईचा हात त्या ट्रकच्या चाकाखाली. आणि नंतरही रोज, जिथं जिथं गाडी उतारावर उभी राहील तिथं. एजंटानं हमालाकडे जी नजर टाकली ती मी पाहिली. पाहिली, आणि त्या क्षणी मला वरवंट्याशिवाय काहीही सुचत नव्हतं, म्हणून तिचा अर्थ मी लावला नाही.

गाडी त्या दिवशी अंबडमध्येच माल भरत होती. एजंट मोटरसायकलवर गेला आणि तासाभरात आला. वरवंटा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. ग्रीसनं काळा झालेला, एका टोकाचा अंगठ्याएवढा टवका उडालेला. पण मधली झीज तीच, डावीकडे जास्त. मी हात पुढं केला तर त्यानं तो मागं घेतला आणि आधी कागद सरकवला. ‘माल पूर्ण मिळाला. माझी कंपनीविरुद्ध अगर एजंटाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही.’ खाली माझं नाव टाईप केलेलं. म्हणजे शोधायला वेळ नव्हता, टाईप करायला होता.

उद्या बारसं. त्याला ते माहीत होतं, मीच फोनवर रडून सांगितलं होतं.

मी म्हटलं, आधी माझा आहे का ते बघू दे, न बघता सही केली की काय होतं ते शिकलेय मी. हे त्याला पटलं. त्यानं वरवंटा माझ्या हातात दिला. मी तो पदरात घेतला, पोटाशी धरला आणि उठले.

“मॅडम, सही?”

“बाळ काखेत असताना सही कशी करू?” म्हटलं, आणि रिक्षात जाऊन बसले. पाटा त्याच हमालानं आणून माझ्या पायाशी ठेवला. मी त्याला पैसे देऊ लागले, त्यानं घेतले नाहीत. “ऱ्हाऊ दे आजे, बाळाला दे,” म्हणाला. मी त्याला घरी बारशाला ये म्हटलं. पत्ता सांगितला नाही. कारण त्यानं सामान वाहिलेलं घर त्याला माहीतच असणार, असं मी धरून चालले.

रात्रभर वरवंटा सोड्याच्या पाण्यात होता. सकाळी शिकेकाई लावली, चुलीची राख मिळेना म्हणून ह्यांनी उदबत्तीची राख गोळा केली. काळा डाग गेला नाही. बारा वाजता पाळण्यात आधी तो निजला, टवक्याच्या बाजूला टोपडं घातलं. लेकीच्या सासूबाई बारीक नजरेच्या, त्यांनी विचारलंच, दगडाला काय लागलं? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग याच्याइतकी पीडा कुणी घेतली नसेल. आमचं कधी एका वाक्यावर एकमत झालेलं नव्हतं, त्या दिवशी झालं. मग मी नातीला त्याच्या जागेवर ठेवलं. हमाल आला नव्हता.

इथं थांबले असते तर गोष्ट बरी दिसली असती. पण पंधरा दिवसांनी मी लेखी तक्रार घेऊन पुन्हा त्या गाळ्यात गेले, पोच हवी होती म्हणून. पायरी रिकामी होती. मी विचारलं, तो सुरगाण्याचा कुठाय? एजंट कागद चाळत म्हणाला, “कोण? तो? तो रोजंदारीवरचा होता. आमचा माणूस नव्हता तो.”

तेच वाक्य. कंपनीनं त्याच्याबद्दल उच्चारलेलं, त्यानं तसंच्या तसं खाली उतरवलं. वरून खाली सगळे एकमेकांचे कुणी नव्हते, आणि हे वाक्य मात्र बिनचूक पोचवत होते. मी विचारलं, काढलंस त्याला? तो म्हणाला, काढायला ठेवला होता कुठं? मग ड्रॉवरमधून तोच जुना कागद काढून म्हणाला, मॅडम, एवढी सही करा म्हणजे विषय संपेल. मी म्हटलं, तो माणूस या पायरीवर परत बसलेला दिसू दे, करते. कागद मात्र घेऊन आले.

चार दिवस मी ह्यांना घेऊन सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहिले. सुरगाण्याचे खूप जण होते. कुणी म्हणालं, द्राक्षाच्या छाटणीला पिंपळगावकडे गेला. कुणी म्हणालं, जीपनं घरी गेला, नागली म्हणजे नाचणी काढायला. नाव विचारत होते ते, आणि मला नाव माहीत नव्हतं. सामानातल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी चिकटवणारी मी, माझ्यासाठी ज्यानं तोंड उघडलं त्याचं नाव विचारलं नाही. पैसे पुढं केले, बारशाचं आमंत्रण दिलं, फार मोठ्या मनाची बाई. पाचव्या दिवशी हे म्हणाले, आता पुरे. त्यांच्या गुडघ्याला सूज आली होती.

कंपनीचं पत्र चार महिन्यांनी आलं. सदर एजंटाशी आमचा आता संबंध राहिलेला नाही, गैरसोयीबद्दल खेद आहे, तक्रार मिटल्याच्या कागदावर सही करून पाठवावी. त्या गाळ्यावर आता दुसऱ्या कंपनीची पाटी आहे, निळी. आत माणूस तोच, टोपी नवी.

एजंटाकडून आणलेला तो कागद माझ्या कपाटात आहे. सहीची जागा कोरी. नात आता दुसरीत जाते, आणि ह्यांना दर दिवाळीला कपाट आवरायची हुक्की येते. यंदाही त्यांनी तो बाहेर काढला आणि म्हणाले, हा आता फाडायचा का?

मी म्हटलं, त्या सुरगाण्याच्या माणसाला विचारा.